शंभर नाण्यांत नवा जन्म



माझी भाची इथे इंदूरलाच हॉस्टेलवर राहते आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला येते. खरं आकर्षण मामीच्या हातची वरणफळं की माझा ग्राफिक्स कार्डवाला कॉम्प्युटर, हे आम्ही विचारत नाही. सध्या तिचा 'बाल्डर्स गेट ३' चालू आहे. परवा मागे उभा राहून बघत होतो, तर पंचवीस-तीस तास खेळवलेली तिची जादूगारीण अचानक वाद्य वाजवत लढताना दिसली.

"अगं, ही विझार्ड होती ना?"

"होती. विदर्सला शंभर नाणी दिली. आता बार्ड आहे."

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे आरपीजीमध्ये, आपण एक पात्र घडवतो. ताकद किती, बुद्धी किती, तलवार की मंत्र, हे ठरवायला मोजकेच गुण हातात असतात. पात्र जसजसं वर चढतं तसे नवे गुण मिळतात आणि ते कुठे घालायचे हे पुन्हा आपणच ठरवतो. हे सगळं पुसून नव्याने मांडायची सोय असेल तर तिला खेळाडू 'रीस्पेक' म्हणतात. बेल्जियमच्या लारियन स्टुडिओने २०२३ साली आणलेल्या या खेळात विदर्स नावाचा एक हाडांचा सापळा आपल्या तळावर येऊन उभा राहतो. त्याच्या हातावर शंभर नाणी ठेवली की पात्र पहिल्या पायरीपासून पुन्हा घडवता येतं. कितीही वेळा.

मला एकदम माझं हॉस्टेल आठवलं. आम्ही २००७ च्या सुमारास 'डायब्लो २' खेळायचो. तो खेळ २००० सालचा. त्यात गुण एकदा घातला की घातला, परत मिळायचा नाही. मी एक सॉर्सरेस घडवली आणि हावरटासारखे थोडे गुण आगीत, थोडे बर्फात, थोडे विजेत घातले. पहिल्या फेरीत मजा आली. तिसऱ्या, 'हेल' फेरीत पोचलो तर तिथल्या कित्येक राक्षसांवर आगीचा परिणामच होत नव्हता, काहींवर बर्फाचा. जो मंत्र चालला असता तोही अर्धवट शिकलेला. दोन सेमिस्टर पोसलेलं पात्र मी सोडून दिलं. त्या खेळात रीस्पेकची सोय आली ती २०१० च्या १.१३ पॅचमध्ये, म्हणजे मी बीई होऊन बाहेर पडलो त्या वर्षी. आमच्या सॉर्सरेसला त्याचा काय उपयोग!

जुने खेळाडू मात्र म्हणतात की तीच खरी मजा होती. निवड परत घेता येत नसेल तरच तिला वजन येतं, माणूस विचार करून पाऊल टाकतो. हे म्हणणं मला पटायचं. आता तितकंसं पटत नाही, कारण आम्ही विचार केलाच नव्हता. माझी फजिती बघितल्यावर आमच्या अख्ख्या विंगने इंटरनेटवरून तयार आराखडे उतरवून घेतले. कोणत्या लेव्हलला कोणता गुण कुठे, सगळं लिहिलेलं. काही जण तर वरचे मंत्र खुले होईपर्यंत गुण तसेच साठवून ठेवायचे. चुकीची शिक्षा इतकी मोठी होती की कुणी निवडच करेना. सहा मुलांच्या सहा सॉर्सरेस सारख्याच झाल्या.

आता दुसरं टोक. २०१२ च्या 'डायब्लो ३' ने ही भीती पार काढून टाकली. कौशल्यं हवी तेव्हा बदला, फुकट. सुरुवातीला हायसं वाटलं. पण काही दिवसांनी लक्षात आलं की माझा बार्बेरियन आणि मित्राचा बार्बेरियन यांच्यात अंगावरच्या सामानाखेरीज फरकच नाही. तो 'माझा' आहे असं म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं.

म्हणून बहुतेक खेळ मधला रस्ता धरतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' मध्ये सुरुवातीच्या काळात पहिला बदल एका सोन्याच्या नाण्यात व्हायचा, पुढचा पाचात, मग दहात, असं करत पन्नासपर्यंत किंमत चढायची. २०२२ च्या 'एल्डन रिंग' मध्ये रेनाला नावाच्या राणीला हरवल्यावर तीच आपल्याला नवा जन्म देते. पण दर वेळी 'लार्व्हल टिअर' नावाची वस्तू खर्च होते आणि त्या मोजक्याच मिळतात. 'सायबरपंक २०७७' च्या २.० आवृत्तीत लहान कौशल्यं हवी तितक्यांदा बदलता येतात, मूळ गुण मात्र एकदाच.

माझं मत विचाराल तर सोय हवीच, आणि तिला किंमतही हवी. किंमत इतकी असावी की माणूस क्षणभर थांबेल. इतकी नसावी की तो खेळच सोडून देईल.

विदर्सच्या व्यवहारात मला आणखी एक गोष्ट आवडते. तो वर्ग बदलून देतो, गुण बदलून देतो. पण पात्राची जमात बदलत नाही आणि आतापर्यंत तुम्ही जे केलंत तेही पुसत नाही. ज्याला वाचवलं तो वाचलेला राहतो, ज्याला दुखावलं तो दुखावलेलाच राहतो. आमच्या धंद्यातही हेच आहे. कोड मागे घेता येतो, पण त्या कोडने ग्राहकांना गेलेले ई-मेल मागे घेता येत नाहीत. काय शिकलो ते बदलता यावं, काय केलं ते नाही. माझ्या मते रेघ इथे ओढावी.

हे सगळं मी भाचीला रंगात येऊन सांगत होतो. तिने ऐकून घेतलं आणि स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "मामा, इंजिनिअरिंगला विदर्स नसतो का?"

तेव्हा कळलं की तिला पहिल्या वर्षातच बीई कॉम्प्युटर सोडायचं आहे. संख्याशास्त्रात बीएस्सी करायची आहे. घरी सांगितलं नव्हतं. भावजी बँकेतले, हिशेबी माणूस. बारावीनंतर एकदा ठरलं ते ठरलं, हे त्यांचं ठाम मत.

आता मी काय तोंडाने उपदेश करणार? मी स्वतः बीई इलेक्ट्रॉनिक्स आणि आयुष्य चाललंय सॉफ्टवेअरमध्ये. आमच्यासारखे किती तरी जण रीस्पेक केलेलेच आहेत, फक्त तसं म्हणत नाहीत. बाबा तर नातेवाइकांना सांगायचे, "कॉम्प्युटरसुद्धा इलेक्ट्रॉनिकच की!" पण किंमत मीही मोजली. पहिली दोन वर्षं कॉम्प्युटर शाखेच्या मुलांपेक्षा मागे होतो, रात्री बसून ते भरून काढत होतो, आणि हे घरी कधी बोललो नाही.

त्या संध्याकाळी ते तिला पहिल्यांदा सांगितलं. मग आम्ही दोघांनी वहीत दोन रकाने केले. काय जाईल: एक वर्ष, भरलेली फी, मैत्रिणींची बॅच. काय राहील: गणित, शिकलेलं प्रोग्रॅमिंग, परीक्षेची सवय. दुसरा रकाना लांब झाला म्हणून लगेच निर्णय झाला असं नाही. वर्ष अर्धवट टाकायचं नाही, दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा द्यायची आणि त्याआधी घरी स्वतः सांगायचं, एवढं ठरलं.

पुढच्या रविवारी ताई आणि भावजी देवासहून आले. तिने वही पुढे ठेवली. भावजींनी चष्मा लावून दोन्ही रकाने वाचले, फीचा आकडा पेनने दुरुस्त केला. आम्ही तो कमी लिहिला होता. मग म्हणाले, "हे शंभर नाण्यांचं काम नाही, बेटा."

"माहीत आहे बाबा. म्हणूनच लिहून आणलंय."

ते हो म्हणाले नाहीत. पण वही घडी करून खिशात घालता येईना, तेव्हा ती पिशवीत टाकून देवासला घेऊन गेले. "परीक्षा होऊ दे, मग बसू," एवढंच म्हणाले. ताई म्हणते, रोज रात्री एकदा उघडून बघतात.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, तोवर कॉम्प्युटरला माझ्याकडून कुलूप. बार्ड तळावर वाट बघतेय. तुमच्याही घरी अशी एखादी वही असेल तर ती टेबलावर येऊ द्या. आणि ज्यांनी स्वतः शाखा बदलून पोट भरलं आहे, त्यांनी ते मुलांना जरा मोकळेपणाने सांगा, किमतीसकट.

भेटू पुढच्या अंकात.