केराची पाळी

प्राथमिक शाळेत घंटा होण्यापूर्वी वर्गाचा केर कोणाकडून काढविला जातो, हा प्रश्न किरकोळ वाटला, तरी मुलांच्या चारित्र्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. कित्येक शाळांत झाडू मुलींच्या हाती येतो आणि घंटेचा टोला मुलग्यांच्या. कोठे उशिरा आलेल्यास केर काढण्याची शिक्षा होते. मग भिंतीवर श्रमाची थोरवी कितीही सुबक अक्षरांत लिहिलेली असो, झाडू धरणे कमीपणाचे, हाच धडा मूल घरी नेते. ‘मुलाला केर काढावयास शाळेत घातलेले नाही,’ अशी पालकांची कुरकुर असते. काम निवडक मुलांच्याच माथी येत असेल, तर ती कुरकुर रास्तच म्हटली पाहिजे!

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाचा विचार मांडला. पुढे सेवाग्रामच्या नयी तालीम शाळेत सफाई हे अभ्यासाचेच अंग मानले गेले. शिक्षक व विद्यार्थी मिळून ती करीत. केराची पाळी अशीच सर्वांना यावी. तिच्या तक्त्यात मुलगे-मुलींबरोबर शिक्षकांचेही नाव असावे. गुरुजी वाकून कोपऱ्यातील खडूची भुकटी सुपलीत भरू लागले, की एखादा मुलगा न सांगता बाक सरकवून देतो.