मगरींचें वर्ष

या सदराच्या वाचकांस क्रिकेटचे शतकवीर आणि आखाड्यांतील मल्ल यांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाहीं. आज मात्र त्यांना आम्ही जरा दूरच्या प्रवासास नेणार आहों. विषय आहे एका विद्यापीठाच्या एका वर्षाचा, आणि तें वर्ष सरूनही आतां बराच काळ लोटला आहे. परंतु घरांतील मुलाचा परीक्षेंत पहिला नंबर आलेलें वर्ष जसें आजीला तिथीवारासह आठवतें, तसें २००६-०७ हें शैक्षणिक वर्ष आमच्या स्मरणांत राहिलेलें आहे. आमचा एक पुतण्या त्या वेळीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा विद्यापीठांत एंजिनियरिंगचा अभ्यास करीत होता. त्याच्या पत्रांनीं व टेलिफोनांनीं आम्हांस तेथील खेळांचें वेड लावलें. पुतण्या पदवी घेऊन परत आला. वेड मात्र गेलें नाहीं.

हें विद्यापीठ गेन्सव्हिल या गांवीं आहे. गांव समुद्रापासून दूर, हवा दमट, ऊन आपल्या कोंकणांतल्यासारखें अंग भिजविणारें. विद्यापीठाच्या आवारांत ॲलिस नांवाचें एक तळें असून त्यांत खरोखरीच्या मगरी राहतात. तेव्हां येथील खेळाडूंना ‘गेटर’ म्हणजे मगर हें नांव शोभून दिसतें. या उकाड्यानें खेळाडू गळून जातात म्हणून १९६५ सालीं तेथील डॉक्टर रॉबर्ट केड व त्यांचे सहकारी यांनीं मीठ, साखर आणि पाणी यांचें एक पेय तयार केलें. तेंच पुढें ‘गेटोरेड’ या नांवानें जगभर खपूं लागलें. आमच्या घरीं उन्हाळ्यांत मुलांना लिंबाच्या सरबतांत मिठाचा खडा टाकून देण्याची चाल आहे, त्याचेंच हें शास्त्रोक्त भावंड म्हणावयाचें.

अमेरिकेंतील विद्यापीठांत दोन खेळांचा मान सर्वांत मोठा : फुटबॉल आणि बास्केटबॉल. एकाच शैक्षणिक वर्षांत हीं दोन्हीं राष्ट्रीय अजिंक्यपदें एकाच विद्यापीठाकडे गेलीं, असें त्यापूर्वीं कधींच घडलें नव्हतें. तें त्या वर्षीं गेन्सव्हिल येथें घडलें. आणि योगायोग असा कीं दोन्हीं अंतिम सामन्यांत प्रतिपक्ष एकच होता, ओहायो स्टेट विद्यापीठ. त्या विद्यापीठाच्या अभिमान्यांना तें वर्ष कसें गेलें असेल याची कल्पनाच केलेली बरी.

अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्यांत पायाचें काम थोडें. दोन्हीं टोकांस निमुळता असलेला लांबट चेंडू हातांत धरून पळावयाचें अथवा पुढें फेकावयाचा, आणि प्रतिपक्षानें अंगावर झेप घेऊन पळणाऱ्यास लोळवावयाचें. चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल झाली नाहीं, तर चेंडू शत्रूच्या हवालीं. आमच्या घरच्या काकूंनीं पांच मिनिटें पाहून, ‘ही तर हुतुतू, फक्त चिलखत घालून,’ असा निकाल दिला. हा निकाल अगदींच चुकीचा नव्हे.

अर्बन मायर हे फुटबॉल संघाचे शिक्षक. त्यांचें हें तेथील दुसरेंच वर्ष. चेंडू फेकणारा मुख्य गडी ख्रिस लीक हा चौथ्या वर्षाचा विद्यार्थी, अबोल आणि शांत. आणि त्याच्या पाठीशीं टिम टीबो नांवाचा पहिल्या वर्षाचा दांडगा मुलगा, जो चेंडू पोटाशीं धरून सरळ गर्दींत घुसे. प्रेक्षकांचें प्रेम अर्थातच या नव्या मुलावर अधिक. लीकला टाळ्या कमी आणि उपदेश फार मिळे. १४ ऑक्टोबरला ऑबर्न येथें संघ २७-१७ असा हरला, आणि अजिंक्यपदाच्या गोष्टी संपल्या असें पुष्कळांना वाटलें.

खरा कसोटीचा प्रसंग ११ नोव्हेंबर २००६ रोजीं आला. त्या दिवशीं घरच्याच मैदानावर साउथ कॅरोलिना विद्यापीठाशीं गांठ होती. त्या संघाचे शिक्षक स्टीव्ह स्परिअर. हे गृहस्थ फ्लॉरिडाचेच जुने विद्यार्थी. १९६६ सालीं खेळाडू म्हणून त्यांनीं तेथें देशांतील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळविला, आणि १९९६ सालीं शिक्षक म्हणून फ्लॉरिडाला फुटबॉलचें पहिलें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें. आतां तेच द्रोणाचार्य समोरच्या सैन्यांत उभे ! शेवटचीं कांहीं सेकंदें उरलीं असतां फ्लॉरिडा १७-१६ असा पुढें होता, आणि स्परिअरच्या गड्यानें ४८ यार्डांवरून चेंडू लाथाडावयाचा होता. तो खांबांमधून गेला असता तर सगळें संपलें असतें. जार्व्हिस मॉस या उंच मुलानें उडी मारून तो हातानें अडविला. पुतण्या त्या रात्रीं मैदानांत होता. दुसऱ्या दिवशीं त्याचा टेलिफोन आला तेव्हां त्याचा घसा इतका बसला होता कीं त्याच्या आईला त्याला न्यूमोनिया झाल्याची शंका आली.

पुढें नशीबही अनुकूल झालें. २ डिसेंबर रोजीं अटलांटा येथें फ्लॉरिडानें आर्कान्सॉचा ३८-२८ असा पराभव केला, आणि त्याच दिवशीं कॅलिफोर्नियांत बलाढ्य सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ शेजारच्या यु. सी. एल्. ए. विद्यापीठाकडून १३-९ असें हरलें. अंतिम सामन्यांत ओहायोशीं कोणी खेळावें हें त्या काळीं मतें आणि गणकयंत्रांचा हिशोब यांवरून ठरत असे. मिशिगन विद्यापीठाचा एकच पराभव झालेला, तोही ओहायोकडूनच, ४२-३९ असा. त्यांचाच हक्क अधिक असें म्हणणारे थोडे नव्हते. थोडक्या फरकानें कौल फ्लॉरिडाकडे गेला. अशा रीतीनें मिळालेल्या मानाबद्दल लोकांनीं नाकें मुरडलीं, आणि आमच्या मतें संघाला त्याचाच फायदा झाला.

८ जानेवारी २००७ च्या रात्रीं, म्हणजे आपल्याकडे ९ तारखेच्या सकाळीं, अरिझोनांतील ग्लेनडेल येथें सामना झाला. ओहायोनें ओळीनें १९ सामने जिंकले होते. पहिलाच चेंडू घेऊन त्यांचा टेड गिन ९३ यार्ड धांवत गेला आणि गुण करून मोकळा झाला ! परंतु हर्षभरांत सोबत्यांनीं त्याच्यावर उड्या मारल्या, त्यांत त्याचा पाय दुखावला, आणि तो पुन्हां फारसा खेळूं शकला नाहीं. त्यानंतर जें झालें त्याला सामना म्हणवत नाहीं. ओहायोचा ट्रॉय स्मिथ हा त्या वर्षींचा हाइझमन-विजेता. त्याचे चौदांपैकीं चारच चेंडू सोबत्यांच्या हातीं लागले. ओहायोच्या संघाची चढाई सबंध सामन्यांत अवघी ८२ यार्ड झाली. निकाल ४१-१४. अबोल लीकनें ३६ पैकीं २५ चेंडू अचूक पोंचविले. त्या दिवशीं त्याला कोणी उपदेश केला नाहीं.

पण आमचें मन खरें गुंतलें तें बास्केटबॉलमध्यें. त्याची गोष्ट वर्षभर आधीं सुरू होते. जोआकिम नोआ, ॲल हॉरफर्ड, कॉरी ब्रूअर आणि टॉरिअन ग्रीन हे चौघे २००४ सालीं एकदमच विद्यापीठांत आले आणि एकत्र राहूं लागले. एक वर्ष वडील असलेला ली हम्फ्री हा पांचवा. बिली डॉनोव्हन हे त्यांचे शिक्षक. एप्रिल २००६ मध्यें या मुलांनीं यु. सी. एल्. ए. ला ७३-५७ असें हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. आतां रिवाज असा कीं अशा यशानंतर चांगल्या खेळाडूनें विद्यापीठ सोडावें आणि धंदेवाईक संघांत जावें. नोआ तर त्या वर्षीं अगदीं पहिल्या क्रमांकांत निवडला जाईल असा जाणकारांचा होरा होता. कोट्यवधि रुपयांचा प्रश्न ! चौघांनींही आपसांत ठरविलें कीं कोणीं जावयाचें नाहीं. आणखी एक वर्ष एकत्र खेळावयाचें.

यांतील नोआचे वडील १९८३ चे फ्रेंच टेनिस-विजेते यानिक नोआ; हॉरफर्ड आणि ग्रीन यांचे वडील धंदेवाईक बास्केटबॉल खेळलेले. ब्रूअरचें तसें नव्हतें. टेनेसींतील एका लहान गांवांत त्याचे वडील कचरा वाहून नेण्याचा व्यवसाय करीत. तिघांच्या ‘नाहीं’पेक्षां त्याचें ‘नाहीं’ अधिक महाग होतें, असें आम्हांला नेहमीं वाटत आलें आहे.

परत आलेल्यांचा मार्ग मऊ नव्हता. डिसेंबरांत ओहायोला त्यांनीं घरीं ८६-६० असें लोळविलें खरें, परंतु फेब्रुवारीच्या उत्तरार्धांत व्हँडरबिल्ट, एल्. एस्. यू. आणि टेनेसी या तिघांकडून ते हरले. ‘गेले असते तर बरें झालें असतें,’ असें बोलणारे निघालेच. यानंतर मात्र संघ एकही सामना हरला नाहीं. २ एप्रिल २००७ रोजीं अटलांटा येथें अंतिम सामन्यांत पुन्हां ओहायो. त्यांचा सात फुटी ग्रेग ओडन हा एकटा २५ गुण करून गेला. पण त्याच्या सोबत्यांचे लांबून टाकलेले चेंडू कांहीं केल्या जाळ्यांत जाईनात. २३ पैकीं ४ गेले. फ्लॉरिडाचे १८ पैकीं १०. निकाल ८४-७५. नोआनें स्वतः केवळ ८ गुण केले, आणि आनंद सर्वांत अधिक त्यालाच झालेला दिसला. आरंभीं उतरणारे तेच पांच गडी दोन्हीं वर्षीं अजिंक्य ठरावे, हें त्या स्पर्धेच्या इतिहासांत प्रथमच घडलें.

सकाळच्या त्या गडबडींत आमच्या आजींनीं देवपूजा आटोपून बाहेर येतां येतां विचारलें, ‘त्या मुलांना यांत मिळतें काय?’

प्रश्न साधा, पण त्यानें घरांत दोन पक्ष पडले. कायद्यानें हे विद्यार्थी हौशी खेळाडू. शिक्षण, जेवण आणि राहणें एवढें शिष्यवृत्तींतून मिळावें. याहून एक पैसाही घेतला तर बंदी. आमचे वडील बंधु म्हणाले कीं विद्यार्थ्याला विद्या फुकट मिळते, आणखी काय हवें? उलट धाकट्या वहिनींनीं मैदानांतील नव्वद हजार प्रेक्षकांच्या तिकिटांचा हिशोब मांडला. शिक्षकांना मात्र हौशीपणाचें बंधन नव्हतें. १ जून २००७ रोजीं डॉनोव्हन यांनीं ऑर्लँडोच्या धंदेवाईक संघाची पांच वर्षांची, पावणेतीन कोटी डॉलरांची नोकरी पत्करल्याचें जाहीर केलें, आणि आठवडाभरांत मन बदलून ते गेन्सव्हिलला परत आले. लोकांनीं त्यांची थट्टा केली. आमच्या घरीं त्यांची बाजू आजींनीं घेतली. त्यांच्या मतें सासरीं पोंचण्याआधींच रडूं फुटलेल्या मुलीला कोणी हंसूं नये.

चौघांचा त्याग आम्हांस मोठा वाटतो, पण त्यावरून मुलांना पैसे न देण्याचा नियम चांगला होता असें अनुमान काढणाऱ्यांशीं आमचें जमत नाहीं. तो नियम पुढें टिकलाही नाहीं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नांवावर व प्रतिमेवर पैसे मिळविण्याची मोकळीक झाली, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठेंही त्यांना प्रत्यक्ष पैसे देऊं लागलीं. खेळाडू एका विद्यापीठांतून दुसरीकडे आतां सहज जातात. ७ एप्रिल २०२५ रोजीं फ्लॉरिडानें ह्यूस्टनला ६५-६३ असें हरवून बास्केटबॉलचें तिसरें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां त्यांचा सर्वश्रेष्ठ ठरलेला गडी वॉल्टर क्लेटन हा आधीं आयोना विद्यापीठांत खेळलेला होता. आम्ही तोही सामना टाळ्या वाजवीतच पाहिला. चौघे एका खोलींत राहून वाढलेले, अशी गोष्ट मात्र आतां क्वचितच ऐकूं येईल.

एक तक्रार येथें नोंदवून ठेवतों. पुतण्या जीं वर्तमानपत्रांचीं कात्रणें पाठवी, त्यांत व्हॉलीबॉलच्या मुलींना दोन ओळींपेक्षां अधिक जागा क्वचितच असे. मेरी वाइज या बाईंच्या हाताखालीं त्या मुली १९९१ पासून दरवर्षीं आपल्या विभागाचें अजिंक्यपद मिळवीत होत्या, आणि तें त्यांनीं त्याही वर्षीं मिळविलें. इतकें नियमानें जिंकणें ही बातमी उरत नाहीं असें दिसतें. आमच्या घरांतील मुलींनीं तीं कात्रणें पाहून जो शेरा मारला तो येथें छापण्याजोगा नाहीं.

जूनच्या अखेरीस धंदेवाईक संघांची निवड झाली. हॉरफर्ड तिसरा, ब्रूअर सातवा, नोआ नववा. ग्रीन तर पार बावन्नावा. वर्षभर थांबल्याची किंमत नोआनें अशी मोजली. पुढच्या वर्षीं गेन्सव्हिलचा संघ बराचसा नवा होता, आणि त्याला मुख्य राष्ट्रीय स्पर्धेचें बोलावणेंही आलें नाहीं. ब्रूअरला २०११ सालीं डॅलसच्या संघाबरोबर धंदेवाईकांचें अजिंक्यपद मिळालें; २०१४ सालीं नोआ त्यांच्यांतील सर्वश्रेष्ठ बचावपटु ठरला; ग्रीन युरोपांत खेळला. हॉरफर्डला अजिंक्यपदासाठीं फार थांबावें लागलें. जून २०२४ मध्यें बॉस्टनच्या संघांतून त्यानें तें मिळविलें तेव्हां तो ३८ वर्षांचा होता, आणि आमच्या पुतण्याच्या डोक्यावरचे निम्मे केंस पांढरे झाले होते.