आपल्याले कोन ओयखते?



वऱ्हाडात एक वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. मुलाने बी.कॉम. केलेले असते, मुलीने डी.फार्म. केलेले असते, कोणी आयटीआय होऊन बसलेले असते. अभ्यासिकेत दोन-तीन वर्षे जातात, भरतीची जाहिरात काही निघत नाही. अशा वेळी कोणी म्हटले, 'अरे, अमक्या ठिकाणी जाऊन भेट तरी, चौकशी कर,' की उत्तर तयार असते : 'नोकरीले वशिला लागते, भाऊ. आपल्याले कोन ओयखते?' अमरावतीच्या इर्विन चौकात ऐका की अकोल्याच्या अशोक वाटिकेजवळ ऐका, शब्द तेच. बापही मान डोलावतो, आईही सुस्कारा टाकते आणि विषय तिथेच संपतो.

या वाक्यात खरेही आहे आणि घातकही आहे. खरे एवढ्यासाठी की, ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या वकील, डॉक्टर, व्यापारी झाले, त्यांच्या मुलांना ओळखी पाळण्यातच मिळतात. काकाचा मित्र कारखानदार असतो, मामाचा वर्गमित्र बँकेत मॅनेजर असतो. आपल्या बहुसंख्य घरांत पहिला पदवीधर आताच झालेला आहे. त्याने ओळखी आणायच्या कोठून? आणि घातक एवढ्यासाठी की, 'कोणी ओळखत नाही' हे कारण पुढे करून आपण ओळख करून घेण्याचे कामच सोडून देतो.

प्रथम वशिला आणि ओळख यांतला फरक नीट समजून घेऊ. पात्रता नसताना दुसऱ्याचा हक्क मारून आत घुसणे म्हणजे वशिला. त्याचा चटका आपल्या समाजाला जितका बसला तितका क्वचितच कोणाला बसला असेल. तो मार्ग आपला नव्हे. ओळख म्हणजे आपल्याला काय येते आणि आपला शब्द किती खरा आहे, हे चार माणसांना माहीत असणे. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

आपल्या उपासक-उपासिकांना हे पटावे म्हणून धम्माचाच आधार देतो. अंगुत्तर निकायात व्यग्घपज्ज सुत्त आहे. दीघजाणू नावाचा कोलिय गृहस्थ भगवान बुद्धांकडे येतो आणि सरळ विचारतो की, आम्ही बायकापोरांत राहणारी संसारी माणसे, आमचे याच जन्मी कल्याण कशाने होईल? भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. पहिली, आपल्या धंद्यात कौशल्य आणि उद्योग. दुसरी, घामाने मिळवलेल्याचे रक्षण. तिसरी, कल्याणमित्रता. चौथी, मिळकत पाहून खर्च. कल्याणमित्रतेची जागा संसारी माणसाच्या व्यवहारात, कौशल्य आणि बचत यांच्या शेजारी आहे, हे ध्यानात घ्यावे. आपल्याहून शीलाने, ज्ञानाने, दातृत्वाने पुढे असलेल्या माणसांत ऊठबस ठेवावी, त्यांच्याशी बोलावे, त्यांच्याकडून शिकावे, असा तो उपदेश आहे. आणि कौशल्य पहिले आले आहे, हेही विसरू नये. हाती गुण नसेल तर नुसत्या ओळखी किती दिवस पुरणार?

परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचावे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. गुरुजींची ओळख त्या दिवशी झालेली नव्हती. बागेत एकटाच वाचत बसणारा हा विद्यार्थी त्यांनी आधीच हेरला होता. पुढे गुरुजींच्याच खटपटीने सयाजीराव महाराज गायकवाडांची मदत मिळाली. कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन यांनी त्यांची बुद्धी पाहिली आणि १९१६ साली लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी शिफारसपत्र लिहिले. तिथेच भेटलेले पारशी मित्र नवल भथेना पुढे अनेक अडचणींत पैशाने उभे राहिले. १९२३ साली बॅरिस्टर होऊन आल्यावर सनद काढायलाही पैसे नव्हते, तेव्हाही भथेनाच धावून आले.

पण सनद मिळाली म्हणून पक्षकार आले का? नाही. अस्पृश्य वकिलाकडे खटला घेऊन यायला लोक कचरत. बाबासाहेब बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसार चालवत होते. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' पुस्तकाच्या खटल्यात त्यांनी जेधे, जवळकर आदी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांची बाजू अपिलात मांडली आणि ते सुटले. तेव्हापासून वकील म्हणून त्यांचे नाव लोकांच्या तोंडी आले. केळुसकर, सेलिग्मन, भथेना यांपैकी एकही त्यांच्या नात्यातला नव्हता. प्रत्येकाने आधी त्यांचे वाचन, काम आणि सचोटी पाहिली आणि मगच हात पुढे केला.

हे झाले थोरांचे. आता आपल्या अमरावतीचे उदाहरण घेऊ. १४ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई भारताचे सरन्यायाधीश झाले. त्या पदावर बसणारे ते पहिले बौद्ध. त्या दिवशी अमरावतीत आनंदाला सीमा नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांचे नाव घेतले की कोणी ना कोणी म्हणतो, 'त्याइचे वडील दादासाहेब गवई होते ना!' होते. रा. सू. गवई हे विधान परिषदेचे सभापती, खासदार, राज्यपाल झालेले मोठे नाव. त्या नावाने दारे उघडली नसतील असे आम्ही म्हणणार नाही. पण वाटचाल पाहा. १९८५ साली वकिलीला सुरुवात. पहिली दोन वर्षे राजा भोसले यांच्यासारख्या माजी महाधिवक्त्याच्या हाताखाली उमेदवारी. १९८७ पासून मुंबईत स्वतंत्र काम, १९९० नंतर मुख्यतः नागपूर खंडपीठात. नागपूर महापालिका, अमरावती महापालिका, अमरावती विद्यापीठ यांचे वकील. १९९२-९३ मध्ये सहायक सरकारी वकील, २००० साली नागपूर खंडपीठाचे सरकारी वकील, २००३ साली उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, २०१९ साली सर्वोच्च न्यायालय. सनदेपासून सर्वोच्च पदापर्यंत चाळीस वर्षे. वडिलांचे नाव पहिल्या दिवशी कामी येते. एवढ्या वर्षांच्या फायली ज्याच्या त्यालाच वाचाव्या लागतात. तुमच्या घरी दादासाहेब नसतील, पण चांगल्या माणसाच्या हाताखाली दोन वर्षे मन लावून शिकण्याची वाट तुम्हालाही मोकळी आहे.

आता कटू भाग. नावाचा फायदा जसा होतो तसा तोटाही होतो. अमरावती जिल्ह्यातलेच महिमापूरचे डॉ. सुखदेव थोरात, जे पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, त्यांनी पॉल अॅटेवेल यांच्यासह एक प्रयोग केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी टपालाने ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी. फरक फक्त नावात. काही नावे सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुस्लिम वाटतील अशी. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाची तर एक-तृतीयांशच.

म्हणून काही जण आडनाव बदलतात, गावाच्या नावाला 'कर' जोडतात. ज्याच्या पोटाला चिमटा बसला त्याला आम्ही दोष देत नाही. दोष आडनाव पाहून अर्ज बाजूला टाकणाऱ्याचा आहे, आणि त्यावर उपाय कायदा व संघटित लढा हाच. खाजगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी म्हणूनच सोडायची नाही. पण लढा चालू असताना घरातल्या मुलाने काय करावे? त्या प्रयोगातले अर्ज टपालाने गेले होते. त्यांच्यामागे बोलणारे माणूस नव्हते. ज्याचे काम कोणी डोळ्यांनी पाहिले आहे, ज्याच्याविषयी कोणी आधी दोन शब्द सांगितले आहेत, त्याचा अर्ज निव्वळ आडनावावर बाजूला टाकणे थोडे तरी अवघड जाते. नाव लपवू नये. नावाच्या आधी काम पोहोचेल अशी व्यवस्था करावी.

मग प्रश्न येतो, ओळखी करायच्या कोणाशी? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या एका गावात नोकरदारांना विचारले की, ओळखीतून नोकरी कळली असेल तर ती व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटत असे? नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली असे सांगणारे शंभरात सुमारे सतराच निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळली. २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी लोकांवरील अभ्यासातही साधारण तसेच दिसले : अगदी जिवलगांपेक्षा बेताच्या ओळखीतून नोकरी बदलण्याची शक्यता जास्त. कारण साधे आहे. आपले मित्र, नातेवाईक आणि आपण एकाच वस्तीत, एकाच विहारात, एकाच अभ्यासिकेत. जे त्यांना ठाऊक ते आपल्याला आधीच ठाऊक. नवी बातमी वस्तीबाहेरच्या माणसाकडे असते.

आमच्या विहारांतील एकोपा अभिमानाचा आहे. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण हजारोंनी जमतो. पण अकोल्याच्या दाल मिलमध्ये हिशेब कोण पाहतो, कृषी विद्यापीठात प्रयोगशाळा सहायक कसा लागतो, नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात यंत्रदुरुस्तीला कोणते शिक्षण चालते, हे त्या गर्दीतल्या किती जणांना ठाऊक आहे? माहिती तिथे असते, ती विचारायला मात्र आपण जात नाही.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवतो.

आपण केलेल्या कामाची एक वही ठेवावी. कोणाचे लेखे लिहिले, कोणती मोटार दुरुस्त केली, किती मुलांना शिकवले, सगळे तारखेनिशी. बायोडाटा एक-दोन पानांचा, शुद्धलेखन तपासलेला असावा. त्यात 'मेहनती, प्रामाणिक' असे शब्द भरण्याऐवजी या वहीतले काम लिहावे. ई-मेल पत्ता आपल्या सरळ नावाचा घ्यावा, गमतीच्या टोपणनावाचा नको. नोकरी देणारा माणूस आजकाल मोबाइलवर आपले नाव शोधून पाहतो. तिथे भांडणे आणि शिवीगाळ दिसू नये. विचार मांडायला भिऊ नये, भाषा मात्र बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभेल अशी असावी.

अनोळखी माणसाला भेटताना 'मले नोकरी द्या' असे म्हणू नये. त्याच्या हाती नोकरी नसली की तो टाळू लागतो. 'या कामात यायचे तर काय शिकावे लागेल, आणखी कोणाला भेटावे?' असे विचारावे. हे सांगायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. भेट दहा-पंधरा मिनिटांची असावी, आणि पुढे काय झाले ते महिनाभराने जरूर कळवावे. काम निघाल्यावरच ज्याचा फोन येतो, त्याचा फोन पुढे कोणी उचलत नाही.

आता आई-वडिलांना दोन शब्द. मुलगा चार ठिकाणी फिरला तर 'ओळखी वाढवते' म्हणून कौतुक होते. मुलीला एखाद्या साहेबाचा फोन आला की, 'कोनाचा फोन होता?' अशी चौकशी सुरू होते. मुलीने नुसत्या मार्कशीटवर पुढे जावे आणि मुलाने मार्कशीट अधिक ओळखी घेऊन, हा न्याय कोणता? तिच्या सोबत जा, काळजी घ्या, पण तिला अडवू नका. आणखी एक. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही. पदवीवर एक नाव, आधार कार्डावर दुसरे, अनुभवाच्या दाखल्यावर तिसरे, अशाने मुलीने वर्षानुवर्षे कमावलेली ओळख तुटते आणि कागदांसाठी खेटे घालावे लागतात ते वेगळेच. ज्या नावाने ती शिकली ते नाव तिला ठेवायचे असेल तर सासरने खुशाल ठेवू द्यावे.

शेवटी, जे नोकरी-धंद्यात स्थिर झाले त्यांच्यासाठी. १९७८ साली बामसेफ उभी राहिली ती शिकल्या-सवरल्या कर्मचाऱ्यांनी समाजाचे ऋण फेडावे या विचारातून. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची 'डिक्की' स्थापन केली. एवढे मोठे काम प्रत्येकाला जमणार नाही. पण प्रत्येक विहारात एक नोंदवही ठेवता येईल. वस्तीतून शिकून गेलेल्या माणसांचे काम आणि फोन त्यांच्या संमतीने त्यात लिहावे. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर त्यातल्या एकाने यावे आणि आपले काम कसे चालते, त्यात शिरकाव कसा होतो, हे तासभर मुलामुलींना सांगावे. पात्र मुलासाठी दोन शब्द बोलावेत. अपात्रासाठी बोलू नये, कारण त्यात त्याच्या मागून येणाऱ्या दहा जणांचे दार बंद होते. साहेब झाल्यावर वस्तीत यायला ज्यांना संकोच वाटतो, त्यांनी एवढे आठवावे की, केळुसकर गुरुजींना बागेतल्या त्या विद्यार्थ्यापाशी थांबायला संकोच वाटला नव्हता.

आणि आमच्या तरुण मित्रांनो, 'आपल्याले कोन ओयखते?' हा प्रश्न विचारायला हरकत नाही. पण तो विचारून अभ्यासिकेत परत जाऊन बसू नका. या आठवड्यात वस्तीबाहेरच्या एका माणसाला भेटा, त्याचे काम विचारा आणि आपले सांगा.

जय भीम!