आवक क्रमांक मिळालेला इशारा

प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन किंवा १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला, की नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत आत्मदहनाचा इशारा देणारी निवेदने येऊ लागतात. कुणाचा भूसंपादनाचा मावेजा अडकलेला असतो, तर कुणाच्या शेतरस्त्याचा वाद तहसिलीत वर्षानुवर्षे पडून असतो. निवेदनावर आवक क्रमांक पडतो, प्रत ‘उचित कार्यवाहीस्तव’ पोलीस ठाण्याकडे जाते आणि झेंडावंदनाच्या दिवशी अर्जदाराला फाटकावरच अडवले, की प्रशासनापुरता विषय मिटतो.

आत्महत्येच्या संशोधनाच्या दृष्टीने हे निवेदन दुर्मीळ साधन आहे. शवविच्छेदनातून मृत्यूचे शारीरिक कारण कळते, मनःस्थिती कळत नाही. म्हणून मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये मानसशास्त्रीय शवचिकित्सेची पद्धत विकसित केली, जिच्यात नातेवाइकांच्या मुलाखती, पत्रे आणि वैद्यकीय कागदपत्रे यांच्या आधारे मृताचे अखेरचे दिवस पुन्हा जुळवले जातात. इतरत्र मृत्यूनंतर कष्टाने गोळा करावी लागणारी माहिती मराठवाड्यात माणूस जिवंत असतानाच, तारखेसह आणि सहीनिशी, सरकारी दप्तरात दाखल होते, आणि कायदा-सुव्यवस्थेच्या फायलीत बंद होते.

मृत्यूनंतरची चौकशीही अशीच एका अंगाने चालते. पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद घेतात, पंचनामा होतो, व्हिसेरा, म्हणजे रासायनिक तपासणीसाठी राखलेले अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेकडे जातो. मृत शेतकरी असेल, तर १ लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हा समिती ठरवते. या समितीसमोर सातबारा आणि कर्जाचे कागद येतात. मृताने त्याआधी कोणकोणत्या कार्यालयांचे उंबरे झिजवले, हा प्रश्न पात्रतेच्या निकषांत बसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या आणि त्यांतील २२,७४६, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रातील होत्या. परंतु त्यांतील किती सरकारी वास्तूंच्या आवारात घडल्या, हे या आकड्यांतून उलगडत नाही.

मंत्रालयात उडी मारून आत्महत्या करण्याचे प्रयत्न रोखण्यासाठी २०१८ च्या फेब्रुवारीत बसवलेल्या जाळ्यांची पुष्कळ टिंगल झाली. ती अस्थानी होती. रिचर्ड सायडन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात आत्महत्येपासून रोखल्या गेलेल्या ५१५ जणांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांतील सुमारे ९४ टक्के जण नंतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने वारले होते. एका ठिकाणी अडवलेला माणूस दुसरी वाट शोधतोच, हा समज त्यातून खोटा ठरला. जाळी जीव वाचवते. तक्रार मात्र ती निकाली काढत नाही, आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनीच निषेधासाठी त्या जाळीवर उडी घेतली, तेव्हा ऐकून घेण्याची व्यवस्था किती आटली आहे, हे सत्ताधाऱ्यांकडूनच सिद्ध झाले.

कायदाही येथे दोन तोंडांनी बोलतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिची काळजी घेणे ही शासनाची जबाबदारी आहे, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२६ लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न करणाऱ्याला १ वर्षापर्यंत कैदेची शिक्षा सांगते. निराशा आणि दबाव एकाच अर्जात नांदत असतील, तर त्यांची फाळणी पोलीस हवालदाराने करावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

अशा निवेदनाची एक प्रत पोलीस ठाण्याबरोबर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडेही जावी, आणि २०१५ पासून शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी चालणाऱ्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाचा समुपदेशक त्या तारखेपूर्वी अर्जदाराच्या घरी पोहोचावा. मूळ तक्रारीवर महसूल अधिकाऱ्याने त्याच मुदतीत लेखी उत्तर द्यावे. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील न्यायवैद्यक व जनऔषधवैद्यक विभागांनी गेल्या दहा वर्षांची निवेदने, नावे झाकून, अभ्यासासाठी मागावीत. वृत्तपत्रांनीही इशाऱ्याची बातमी छापताना ठिकाण आणि पद्धत यांचे वर्णन टाळावे व टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क, चोवीस तास चालणारा क्रमांक त्याच बातमीखाली द्यावा.