आत काय आहे, ते सांगा

गेलेल्या माणसांसाठी दगड घडवण्याची इंदूरची रीत जुनी आहे. कान्ह नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या होळकर छत्र्या उभ्या आहेत, कृष्णाबाईंची, दुसऱ्या तुकोजीरावांची, शिवाजीरावांची. तिथून हाकेच्या अंतरावर राजवाडा. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. त्यामुळे आगीनं त्याचा पिच्छा कधी सोडला नाही. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यानं तो जाळला, १९०८ मध्ये पुन्हा पेटला आणि १९८४ च्या दंगलीत त्याचा मोठा भाग खाक झाला. जाळणाऱ्या सर्जेरावाचं नाव आम्हां इंदूरकर मराठी माणसांना पाठ आहे. विझवायला धावलेल्यांची नावं लक्षात ठेवायची मात्र आपल्याकडे चालच नाही.

अपवाद भायखळ्याचा. मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयात शहीद जवानांचं स्मारक आहे आणि दर १४ एप्रिलला तिथं मानवंदना दिली जाते. देशभर हाच दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्याच्यामागे आहे १९४४ च्या त्या शुक्रवारची व्हिक्टोरिया गोदी.

‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज दोन दिवसांपूर्वीच कराचीहून येऊन लागलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, सोन्याच्या विटा आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात! युद्धाच्या घाईत असली शेजारं खपून जात. धोक्याचा माल दाखवणारा लाल बावटाही वर चढवलेला नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. इशारा गेला तो साध्या आगीचा, म्हणून आधी दोनच बंब निघाले. आत काय भरलंय ते कळल्यावर बाकीचे धावले. ९०० टनांहून जास्त पाणी आत ओतलं, तरी धुरामुळे आगीचं मूळ सापडेना आणि ओतलेलं पाणीच उकळू लागलं. चारला दहा मिनिटं असताना जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, साडेचारनंतर दुसरा, त्याहून मोठा. हादऱ्याची नोंद पार सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितला जातो. त्यांत ६६ जण अग्निशमन दलाचे होते. सेन्सॉरनं बातमी बाहेर जाऊ दिली ती मे महिन्यात.

त्या ६६ जणांना आपण हुतात्मे म्हणतो. म्हणावंच. पण हुतात्मा म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न संपतो. ती माणसं शूर होती, यात शंका नाही. मात्र त्यांच्या शौर्यावर भार पडला तो दुसऱ्यांच्या निष्काळजीपणाचा. स्मारकावर नावांच्या खाली कारणही कोरलं पाहिजे, असं आम्हांला वाटतं: काय साठवलं होतं, कुणी सांगायला हवं होतं आणि का सांगितलं नाही. दगड जरा मोठा लागेल, इतकंच.

हे जुनं पुराण नव्हे. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली. राहणारी माणसं सुखरूप बाहेर आली आणि इमारत कोसळली ती विझवणाऱ्यांवर. संजय राणे आणि सुधीर अमीन तिथेच गेले. महेंद्र देसाई आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर पुढे रुग्णालयात. दलाचा प्रमुखच आगीत उतरतो, हे दुसऱ्या किती खात्यांबद्दल म्हणता येईल?

आणि आपल्या दारात? एप्रिल २०१७ मध्ये इंदूरच्या राणीपुऱ्यात फटाक्यांच्या दुकानाला आग लागली, माणसं गेली. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी हरद्यात फटाक्यांचा कारखाना उडाला. दिवाळी अंकात हे कशाला, असं कुणी विचारील. या अंकात कथा आहेत, कविता आहेत, माळव्याच्या खाद्ययात्रेवर भरपूर खमंग मजकूर आहे; तो सावकाश वाचा. पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण फराळाची ताटं घेऊन बसतो, तेव्हा फायर स्टेशनवरची माणसं बूट चढवून बसलेली असतात. त्यांच्या घरीही पणत्या लागतात, लावणारं कुणी तरी दुसरं असतं. त्यांच्यासाठी छत्री नंतर बांधू; आधी ती बांधायची वेळच येऊ नये, एवढं आपल्या हातात आहे.

जुन्या इंदुरात अजून कितीतरी घरांच्या तळमजल्यावर गोदाम आणि वर कुटुंब आहे. पेटीत काय आहे हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं, बंबवाल्याला कुठून असणार? म्हणून या दिवाळीला वाचकांकडे दोनच मागण्या. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावू नका, बंब वळायला जागा लागते. आणि कधी १०१ वर फोन करायची पाळी आलीच, तर पत्ता सांगून थांबू नका; आत गॅसची टाकी आहे की फटाके, थिनर आहे की कापूस, आणि आत माणूस आहे का, हे पहिल्या दमात सांगा.