श्रद्धेस प्रश्नाचे भय का?

मनुष्याच्या हिशेबातील चूक दाखवून दिली तर तो थोडा खजील होतो, प्रसंगी आभारही मानतो. त्याच्या राजकीय मताला आव्हान दिले तर तो हिरिरीने वाद घालतो. पण दुसऱ्या दिवशी त्याच प्रतिपक्ष्याबरोबर बसून चहा घेतो. परंतु त्याच्या धर्मश्रद्धेविषयी साधा प्रश्न जरी कोणी विचारला, तरी एरवी विचारी आणि सौम्य असणारा गृहस्थ एकाएकी ढाल सावरून उभा राहतो. प्रश्न काय होता हे मागे पडते आणि प्रश्न विचारणारा कोण, त्याची जात कोणती, इतर धर्मीयांस असे विचारण्याची त्याची छाती आहे काय, याचीच चौकशी सुरू होते. हा अनुभव कोणा एका धर्माचा नव्हे, की एका काळाचाही नव्हे. म्हणूनच त्याच्या मुळाशी काय आहे, हे शांतपणे पाहणे अगत्याचे आहे.

पुणे शहराने या वृत्तीचा एक विलक्षण नमुना एकोणिसाव्या शतकात पाहिला. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ साली 'सुधारक' पत्र काढले आणि रूढ आचार बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहण्यास प्रारंभ केला. बालविवाह असो की विधवांचे केशवपन असो, त्यांचे विचारणे साधे होते : हे कशासाठी, आणि यात कोणाचे हित आहे? त्यांच्या युक्तिवादास कोणी उत्तर दिलेच नाही असे नाही. तथापि काही सनातनी मंडळींनी याहून सोपा मार्ग शोधून काढला. आगरकर हयात असतानाच त्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. ज्यास उत्तर सापडले आहे, त्यास प्रतिपक्ष्याची तिरडी बांधण्याची गरज भासत नाही.

या क्रोधाचे मूळ केवळ अज्ञानात आहे, ही सुधारकांची जुनी समजूत आम्हांस अपुरी वाटते. पदवीधर, वकील, वैद्य हेही अशा प्रसंगी तितकेच चिडतात. खरी गोष्ट अशी की, धर्मश्रद्धा हे पुरावा तपासून स्वीकारलेले मत नसते. ती कळत्या वयाच्या आधीच, आईच्या मांडीवर आणि देवघरातील समईच्या उजेडात मिळालेली असते. लेकीचे लग्न आणि वडिलांचे दहावे ही दोन्ही तिच्याच भाषेत पार पडतात. म्हणून 'ही समजूत खरी कशावरून?' असा प्रश्न कानी पडला की, श्रद्धाळू मनुष्यास तो वेगळाच ऐकू येतो. तुझी आई तुझ्याशी खोटे बोलली काय? घरात मृत्यू आला त्या रात्री तू ज्याचा हात धरलास, तो आधार पोकळ होता काय? असे विचारले गेल्यावर माणूस तर्कशास्त्र आठवीत बसत नाही. तो आईच्या बाजूने उभा राहतो.

दुसरे कारण समाजाचे आहे. श्रद्धा ही जमातीतील आपल्या जागेची खूण असते. ती सोडणाराच्या मुलाबाळांची लग्ने अडतात, शेजारी तुटतात आणि अखेरच्या दिवशी खांदा देण्यास कोण येईल, हाही घोर लागतो. तिसरे कारण सर्वांत नाजूक आहे. विचारला गेलेला प्रश्न बहुधा सर्वस्वी नवा नसतो. ऐकणाऱ्याने तोच कधीतरी, एखाद्या जागरणाच्या रात्री, स्वतःला विचारलेला असतो आणि मोठ्या कष्टाने झोपविलेला असतो. परक्याने तो भर चौकात जागा केला, याचा त्यास राग येतो.

दुखावलेल्या मनाची ही वेदना खरी आहे आणि तिची टिंगल करणे असभ्यपणाचे आहे. परंतु वेदना म्हणजे उत्तर नव्हे. आणि वेदनेला उत्तराची जागा दिली की काय होते, हे याच शहराने पुन्हा पाहिले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी देवाधर्माविरुद्ध नव्हे, तर त्यांच्या नावाने चालणाऱ्या फसवणुकीविरुद्ध कायदा मागितला होता. त्याने पूजाअर्चा आणि वारी बंद पडेल, अशी हाकाटी वर्षानुवर्षे झाली. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरावयास गेलेल्या दाभोलकरांवर पुण्यात गोळ्या झाडण्यात आल्या. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. त्या कायद्याने भजन, कीर्तन, यात्रा, प्रदक्षिणा यांस स्पष्ट शब्दांत वगळले आहे. २०२४ साली विशेष न्यायालयाने दोघांस जन्मठेप दिली. अन्य तिघे निर्दोष सुटले. वारी आजही चालू आहे. ज्या भयापोटी एवढे रान उठविण्यात आले, ते भय निराधार होते हे कळावयास विधेयकाची काही पाने वाचणे पुरेसे होते.

वारीचा उल्लेख आला आहे, तेव्हा पंढरपूरचेही स्मरण करू. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून उपोषण केले. धर्म बुडाला, असे म्हणणारे तेव्हाही होते. मंदिर खुले झाले आणि धर्म बुडाला नाही. आज आषाढीला लाखो पावले ज्या वाटेने जातात, ती वाट प्रश्न विचारणाऱ्यांनीच रुंद केली आहे. विचारणारा गुरुजींसारखा भक्त असतो, तसा आगरकरांसारखा अज्ञेयवादीही असतो. परंतु ज्याने मोठ्यातला मोठा प्रश्न पचविला, त्या श्रद्धेचे आयुष्य वाढले आहे, असाच इतिहासाचा दाखला आहे.

प्रश्न विचारणाऱ्यांसही मात्र काही सांगावयाचे आहे. ज्याने शाळेत चार वर्षे शिकविले आहे, त्यास हे ठाऊक असते की, मुलाची चूक वर्गात हशा पिकवून दाखविली तर ते मूल ती अधिकच घट्ट धरते. तेच त्यास जवळ बसवून उदाहरण पुन्हा सोडवावयास दिले, तर ते आपल्या हाताने पाटी पुसते. शिवाय दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातील धूळ दाखविणाऱ्याने आपला देव्हारा आधी झाडलेला असावा. हमीद दलवाई यांनी १९६६ साली सात मुस्लिम स्त्रियांसह मुंबईत मोर्चा काढला आणि तोंडी तलाकाविरुद्ध आवाज उठविला. त्यांनी स्वकीयांस विचारले आणि स्वकीयांचाच रोष पत्करला. त्यांच्या प्रश्नास सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर येण्यास २०१७ साल उजाडावे लागले. परधर्मीयांस खिजविण्यासाठी विचारलेला प्रश्न आणि आपल्या लोकांच्या कल्याणासाठी विचारलेला प्रश्न, यांचे शब्द एक असले तरी त्यांची जात वेगळी असते. आणि ऐकणारास ती तत्काळ कळते.

कायदाही हा भेद ओळखतो. १९२७ साली दंडसंहितेत घातलेले २९५-अ हे कलम, जे आता नव्या न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आले आहे, ते हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेल्या धर्माच्या अपमानाला शिक्षा सांगते. प्रामाणिक शंकेला नव्हे. परंतु दुखावलेली माणसे फिर्यादीचा धाक घालू लागली की, हा भेद न्यायालयात ठरण्याआधीच विचारणारा गप्प बसतो. मग खोडसाळ तेवढे बोलत राहतात आणि प्रामाणिक मात्र मुके होतात. ही हानी समाजाची आहे, तशीच श्रद्धेचीही आहे.

तेव्हा पुढच्या खेपेस आपल्या श्रद्धेवर प्रश्न आला आणि संताप दाटून आला, तर वाचकांनी क्षणभर थांबून पाहावे : दुखावले काय? माझा देव, माझी आई, माझी जमात, की मीच झोपविलेली माझी शंका? उत्तर काहीही येवो. देव असेल, तर एका प्रश्नाने त्याचे काही उणे होणार नाही. आणि आईची माया खरी होती, हे सिद्ध करण्यासाठी तिचा प्रत्येक शब्द खरा ठरविण्याची गरज नाही. एवढे ज्यास उमगले, तो प्रश्नकर्त्यास घरात घेऊन बसावयास पाट देईल. महाराष्ट्राने आपल्या प्रश्नकर्त्यांस तिरडी दिली, गोळीही दिली. आता पाट देण्याची वेळ आली आहे.