भाव सांगणारे यंत्र कोणाच्या हातात?

अमेरिकेत आणि जपानमध्ये खेळाडूंची छायाचित्रे असलेली अथवा पोकेमॉनसारख्या खेळांची कार्डे जमविण्याचा छंद आता मोठा व्यापार बनला आहे. बेसबॉलपटू मिकी मँटल याचे १९५२ सालचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. असे सौदे बातम्यांत येतात. परंतु रोजची उलाढाल पाच, पन्नास, दोनशे डॉलरच्या कार्डांची असते. वडिलांच्या माघारी ज्याच्या हाती पेटीभर कार्डे आली, किंवा पैशांच्या निकडीपायी जो लहानपणचा आल्बम विकायला काढतो, अशा माणसाच्या दिमतीला आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. मोबाईलने फोटो घ्यावा, की कार्डाचे नाव, संच आणि किंमत पडद्यावर हजर!

सोय मोठी आहे. ज्याला मालाची पारख नाही, त्याला पूर्वी पहिला दुकानदार म्हणेल तोच भाव मानावा लागे. पण हा आकडा येतो कोठून? यंत्र चित्र व क्रमांक जुळविते आणि तेच कार्ड अलीकडे कितीला विकले गेले, त्या नोंदींवरून अंदाज सांगते. म्हणजे हा कालच्या सौद्यांचा गोषवारा होय. जे कार्ड रोज विकले जाते, त्याच्या बाबतीत तो बराच खरा ठरतो. जे वर्षातून एकदाच बाजारात येते, त्याच्या बाबतीत मात्र दोन हौशी गिऱ्हाइकांनी ईर्ष्येने चढविलेली एक बोलीच 'बाजारभाव' होऊन बसते.

ओळखण्यातही चूक होते. पोकेमॉनचे १९९९ सालचे चारिझार्ड कार्ड घ्या. चित्र तेच, क्रमांक तोच; पहिल्या आवृत्तीवर चित्राखाली डाव्या अंगाला एक बारीक शिक्का असतो, एवढाच ठळक फरक. शिक्का असलेले आणि तपासणीत १० पैकी १० दर्जा मिळालेले एक कार्ड मार्च २०२२ मध्ये ४ लाख २० हजार डॉलरला गेले. बिनशिक्क्याचे वापरलेले कार्ड काही शे डॉलरमध्ये मिळते. फोटोत नेमकी त्या जागी चकाकी आली तर? शिवाय चकचकीत पृष्ठभागावरचे ओरखडे कार्ड प्रकाशात तिरपे धरल्याशिवाय दिसतच नाहीत.

माझा खरा आक्षेप निराळाच आहे. यंत्राला स्वार्थ नाही, असे सांगितले जाते. ते धरणाऱ्या हाताला तर आहे! कार्ड विकत घेणाराच मोबाईल पुढे करून ''बघा, यंत्रच एवढे सांगते'' म्हणतो, तेव्हा कार्डाची स्थिती 'मध्यम' की 'उत्तम', हे बहुधा त्यानेच निवडलेले असते. विकणाऱ्याने स्वतः फोटो घ्यावा, शेवटचे चार-पाच सौदे तारखेसह पाहावेत, आणि मागितलेली किंमत व प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत गल्लत करू नये. ई-बेवर विकायचे तर सुमारे १३ टक्के शुल्क व टपालखर्च वजा धरावा. विकणाऱ्यालाही यंत्राच्या आड लपता येणार नाही. कार्डाला मोड पडली आहे हे त्याला ठाऊक असेल, तर फोटोत ती दिसली नाही म्हणून सांगण्याची जबाबदारी टळत नाही.

आणखी एक गोष्ट. फोटोवरून भाव सांगणारी टीसीजीप्लेअर ही स्वतःच कार्डांची बाजारपेठ आहे, आणि २०२२ मध्ये ती ई-बेने विकत घेतली. भाव सांगणारा आणि विक्रीवर दलाली घेणारा एकाच घरचा असेल, तर प्रत्येक आकड्याशेजारी तो किती सौद्यांवरून काढला आणि त्यांतला शेवटचा कधीचा, हे छापणे बंधनकारक असावे. दोनच सौदे असतील, तर 'दोनच' असे लिहावे.